गाडी फार आदळते

"मी येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "गाडी फार आदळते. हाडं खिळखिळी झाली माझी."

मी त्यांची वेणी घालत होते. वेणी म्हणायची आपली, बोटभर शेपूट उरलं होतं. दारात पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात गादी अंथरून झाली होती, वर ताडपत्री बांधून झाली होती, उशाला त्यांची शाल ठेवून झाली होती. एवढं सगळं झाल्यावर माणूस म्हणतं, येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सकाळच्या वेळी भांडायलाही अंगात बळ लागतं, आणि ते माझ्यात नव्हतं.

सासूबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस. शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटल, मधला सगळा रस्ता उखडलेला. कमरेचं हाड ठिसूळ झाल्यामुळे त्यांना बसून जाता येत नसे, म्हणून गादी आणि हौदा. मी त्यांच्याजवळ मागे बसायची, आमचे हे गाडी चालवायचे. खेप चुकली की अंगात पाणी साठणार, छाती भरणार, आणि कायमचं थांबवलं तर फार दिवस मिळणार नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांनाही समोर बसवून सांगितलं होतं.

"गाडी आदळते होय?" हे दारातून म्हणाले. "एवढंच ना? आज ये कशीबशी. संध्याकाळी बघतो तिच्याकडे."

आणि ह्यांचा चेहरा खुलला. कित्येक महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता.

कारण सांगते. आमचे हे पाटेवाले. ट्रक, टेम्पो, पिकअप असल्या वजनाच्या गाड्यांना चाकांच्या वर लोखंडी पट्ट्यांची कमान असते. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली तिच्याहून आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. ते पाटे. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर, रस्त्याचे सगळे खड्डेही त्यांच्यावर. ते मोडले, वाकले, खाली बसले की लोक आमच्या दारात येतात. घराला लागूनच दुकान, त्यामुळे माझा संसार घणाच्या आवाजात झाला. ह्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. मला दोन्ही कानांनी नको तेवढं येतं.

आईच्या किडनीपुढे ह्यांचं काही चालत नव्हतं. तिथे हे खुर्चीच्या कडेला बसून नुसते हात चोळायचे, नर्सनी हाकललं की उठायचे. पण गाडी आदळते म्हटल्यावर गोष्ट ह्यांच्या प्रांतात आली. आता पान्हा उचलता येत होता.

त्या दिवशी सासूबाई कण्हत कण्हत गेल्या आणि कण्हत कण्हत आल्या. संध्याकाळी ह्यांनी दुकानात थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि स्वतःची गाडी ठोकळ्यांवर चढवली.

"जास्तीचे पाटे काढतो," हे गाडीखालून म्हणाले.

ही ह्यांची जुनी खोड. गिऱ्हाइकानं मागितला नाही तरी हे कमानीत एक पाटा जास्तीचा घालायचे. ह्यांच्या हातची गाडी मालाखाली बसली असं कुणी म्हणू नये, एवढाच हट्ट. स्वतःच्या पिकअपला तर दोन जास्तीचे, कारण तिच्यातून दुकानाचं लोखंड यायचं. भरलेली असताना ती झकास चालायची. रिकामी असली की मात्र बारक्या खड्ड्यावरूनही उडायची. माणसाला घेऊन जायची गाडी ती नव्हेच. आम्ही तीत माणूस घातलं, कारण आमच्याकडे तीच होती.

गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडलं. यू-बोल्ट, म्हणजे पाटे आसाला जखडून ठेवणारे ते वाकडे बोल्ट, सुटता सुटेनात. हे त्यांना शिव्या घालत होते, पण त्या शिव्यांत राग नव्हता. मी चहा नेऊन दिला. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय करतोय गं तो?"

"तुमच्यासाठी गाडी नरम करतायत."

त्यांनी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पुढच्या खेपेला गाडी खरंच कमी आदळली. मला बसल्या जागी कळलं. उतरल्यावर ह्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "कसं वाटलं?"

"दणके कमी आहेत," सासूबाई म्हणाल्या. "पण खालून काहीतरी करकरतं. तो आवाज डोक्यात जातो. आता मला नाही यायचं बाबा यातून."

"करकर होय?" हे म्हणाले. "ती गंजाची. थांब तू."

पुन्हा गाडी ठोकळ्यांवर. या वेळी कमान पूर्ण उतरवली. पाटे एकेक सुटे करून अंगणात मांडले, लांबीप्रमाणे, ओळीनं. मी वाळत घातलेल्या चादरी उचलून आत नेल्या, नाहीतर त्यांवर गंज बसला असता आणि त्या परत धुणारी मीच होते. हे तारेच्या ब्रशनं एकेक पाटा घासत बसले. मला समजावत होते, जसं काही मी हे जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते: पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत. गंज धरून एकमेकांना चिकटले की ते पाटे राहत नाहीत, सगळे मिळून एकच जाड लोखंड होतं, आणि जाड लोखंड कशाला वाकतंय? मग मधे ग्रीस लावलं, मधला बोल्ट नवीन घातला, सगळं परत आवळलं. चार दिवस चालवल्यावर पाटे जागेवर दबतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात, म्हणून चार दिवसांनी हे सकाळी माझ्याही आधी उठून ते पुन्हा आवळून आले. गिऱ्हाइकांना हे घसा कोरडा करून सांगतात, ती कधी येत नाहीत. घरच्या गाडीला मात्र वेळ चुकली नाही.

"आवाज गेला," सासूबाई पुढच्या वेळी म्हणाल्या. "पण मागची बाजू अशी डुलते. पोटात ढवळतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझी नजर टाळली.

तिथेच मला काहीतरी समजायला हवं होतं. समजलंही असेल. पण माझे दिवस तेव्हा कसे जात होते ते माझं मला ठाऊक. त्यांचं वेगळं शिजवायचं, मिठाचा कण नाही. पाणी मापून द्यायचं, दिवसभरात एवढंच. त्या घोटभर पाण्यासाठी लहान मुलासारख्या हट्ट करायच्या आणि मी नाही म्हणायची, आणि मग दोघीही मूग गिळून बसायचो. डायलिसिसहून आल्यावर त्यांना उलटी व्हायची. ते धुवायचं. दुकानातल्या माणसांना चहा. रात्री पाठ टेकली की मी दगडासारखी पडायची. अशा बाईनं कुणाच्या मनात काय चाललंय ते कधी ओळखायचं? गाडीत दोष आहे म्हणाल्या, तर असेल बापडा. नवरा दुरुस्त करतोय, तर करू दे.

ह्यांनी शॅकल सोडवली. कमानीचं मागचं टोक जिला लटकतं ती लोखंडी कडी, पाटा ताणला की तीही झुलते. तिच्यातले रबरी बुश झिजून गेले होते. नवे घातले. डुलणं थांबलं.

मग मान अवघडते. मग वळणावर कलंडल्यासारखं वाटतं. मग नुसतंच, "कसंसंच होतं." प्रत्येक तक्रारीला ह्यांच्याकडे उत्तर होतं. पाणी कुठं मुरतंय ते शोधत हे गाडीखाली शिरायचे आणि काही ना काही शोधूनच बाहेर यायचे. दुकानाची कामं तुंबली. एक ट्रकवाला, त्याला सगळे ढेरपोट्या म्हणतात आणि तो स्वतःही तसंच म्हणवून घेतो, दोन दिवस आपल्या तुटलेल्या पाट्यासाठी दारात बसून होता. तो हे सगळं बघत होता.

"मिस्त्री, आता तेवढी तिला झालर लावा," तो म्हणाला. "आणि एक गाणारं माणूस ठेवा."

"तुझं काम होईल. गप बस."

"बसतो की. पण एक सांगू का? रिकामी गाडी नाचणारच. म्हातारीचं ते काय वजन? माल टाका मागे, बघा कशी गुमान चालते."

ह्यांनी कपाळावर हात मारला. रोज गिऱ्हाइकांना जे सांगायचं ते स्वतःच्या आईच्या वेळी सुचलं नाही म्हणून स्वतःवरच चिडले. कमान वजनासाठीच बनलेली असते. भार असला की ती थोडी दबते, मग खड्डा आला तर तो तिच्यातच जिरतो. भार नसला की ती तो तसाच वर फेकते.

दुकानामागे मोडक्या पाट्यांचा ढीग होता. ह्यांनी आणि ढेरपोट्यानं मिळून त्यातले पाटे हौद्याच्या पुढच्या बाजूला, केबिनला चिकटून रचले, हलू नयेत म्हणून दोरखंडानं बांधले, वर पोती टाकली. मग हे एकटेच उखडलेल्या रस्त्यावर चक्कर मारून आले, थोडे पाटे काढले, पुन्हा गेले, पुन्हा थोडे चढवले. परत आले तेव्हा अंगभर धूळ होती आणि चेहऱ्यावर हसू.

"आता म्हणू दे तिला काही," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी सासूबाईंच्या डोक्याशी बसले होते, नेहमीसारखा एक हात त्यांच्या खांद्यावर, एक हौद्याच्या बाजूच्या फाळक्यावर. हा रस्ता मला पाठ होता. कुठल्या वळणानंतर त्यांचा खांदा घट्ट धरायचा, कुठे त्या ओठ चावतात, सगळं. ती जागा आली, मी हात घट्ट केला, आणि काही झालंच नाही. गाडी जरा खाली झुकली आणि वर आली. पुढचा खड्डाही तसाच गेला. ताडपत्रीच्या फटीतून उजेड येत होता. सासूबाई त्या उजेडाकडे बघत होत्या. वाटेत त्या एकदाही कण्हल्या नाहीत.

गाडी थांबली तरी त्यांना कळलं नाही. "आलो का?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी धावत येऊन मागचा फाळका उघडला. "आई, कशी आली गाडी?"

सासूबाई बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिल्या. "छान आली रे," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा दणका नाही. कुठे दुखलं नाही."

ह्यांनी विजयानं माझ्याकडे बघितलं.

"आता मी काय सांगू तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"इतके दिवस गाडीचं नाव सांगत होते. आता तू गाडीत खोट काढायला जागाच ठेवली नाहीस."

ह्यांना समजलं नाही. किंवा समजलं आणि नको झालं. "टायरमधली हवा अजून जरा कमी करता येईल," असं काहीतरी पुटपुटत हे खाली वाकले आणि चाकाशी डोकं घालून बसले. आता हे रांगत गाडीखाली जाणार, हे मला दिसत होतं.

माझा तोल सुटला. "आधी उठा तिथून!" मी ओरडले. "गाडीत काहीही बिघाड नाही. त्या काय सांगतायत ते ऐका!"

हॉस्पिटलच्या आवारातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. हे उठून उभे राहिले, हाताला चाकाची काळी धूळ लागलेली, आणि आईसमोर येऊन थांबले.

"दमले रे मी," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता. "एक दिवस त्या मशीनला जातो. दुसरा दिवस त्याच्या थकव्यात जातो, आणि डोकं जरा वर काढावं तर पुन्हा जायची धास्ती. सुया टोचून टोचून हाताची चाळण झाली. तहान तर सांगूच नकोस, स्वप्नातही पाणी दिसतं. आता पुरे."

"अगं पण आई, तू नाही आलीस तर..."

"ठाऊक आहे मला. डॉक्टरीणबाई माझ्यासमोरच बोलल्या होत्या. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलणार होते. तू पान्हे घेऊन गाडीखाली गेलास."

हे हळू आवाजात म्हणाले, "आजचा दिवस चल. आजच्यापुरती."

"आज आले की परवाही तू हेच म्हणणार. आणि मी येणार. तुझं तोंड बघून इतके दिवस येतच होते ना?"

हे माझ्याकडे वळले. "तू सांग ना तिला."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. जाणं संपलं, येणं संपलं, ती उलटी, तो रस्ता. आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. या बाईनं मला या घरात आल्यापासून कधी वाईट वागवलं नव्हतं. दुकानात काम जास्त असलं की स्वतः घण उचलणाऱ्या या बाईनं माझ्या हाती मात्र कधी घण दिला नव्हता. ती जाणार होती, आणि मला विश्रांतीचं सुचत होतं.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "त्यांचं त्यांना ठरवू द्या."

नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. "चला आजी, मशीन रिकामं झालंय."

"खुर्चीवर बसते," सासूबाई म्हणाल्या. "पण मशीनकडे नको. तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे ने."

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. दार लावून घेतलं, सगळं पुन्हा सांगितलं, काय होईल, कसं होईल, श्वासाला त्रास झाला तर कुठलं औषध द्यायचं. मन बदललं तर कधीही या, म्हणाल्या. सासूबाईंनी मान हलवली आणि विचारलं, "आता पाणी पिऊ का मी पोटभर?" "पोटभर नको, त्यानं दम लागेल. पण मापून नका पिऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेरच्या नळावर मी ग्लास भरून दिला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत, तळापर्यंत रिकामा केला. हे पाठ करून उभे होते.

मग परत गाडीशी आलो. ह्यांनी आईला खुर्चीतून उचललं. मी डोक्याखाली उशी सरकवली, शाल ओढली.

कुठल्याही गाडीत काही चढवायचं असलं की ह्यांची नजर त्या वस्तूवर नसते, कमानीवर असते. किती दबली ते बघून हे वजन सांगतात, आणि ते चुकत नाही. सवयच ती, आवरता येत नाही. ह्यांनी आईला गादीवर ठेवलं, हात काढून घेतले आणि खाली वाकून बघितलं. बघतच राहिले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा काहीतरी दिसलं.

"काय हो?" मी विचारलं.

"बसलीच नाही," हे म्हणाले.

"काय बसली नाही?"

"कमान." ह्यांनी चाकाच्या वर बोट दाखवलं. "एवढी नरम केलीय मी तिला. धान्याचं पोतं ठेवलं तरी दिसायला हवं. आईला ठेवलं आणि ती जरासुद्धा खाली गेली नाही गं."

हे फाळक्याला धरून उभे राहिले आणि रडायला लागले. मोठ्यानं नाही, खांदे तेवढे हलत होते. धुळीचे हात असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. मी पदरानं पुसले.

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं रे? गाडीचं काही निघालं का परत?"

"नाही आई," हे म्हणाले. "गाडी चांगली आहे."

ह्यांनी फाळका वर केला, दोन्ही बाजूंच्या कड्या लावल्या, आणि आम्ही घरी निघालो.